डागडुजी कोणाची? मुंबईतील घरमालक-भाडेकरू यांच्यातील दुरुस्तीविषयक वाद व त्यांच्या निराकरणाचा इतिहास (१९१८ ते २०२४)

प्रस्तावना

मुंबईच्या सामाजिक इतिहासात चाळीचे स्थान मोठे आहे. गिरणी कामगारांचे संघटन, गणेशोत्सव, कामगार रंगभूमी, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ या सर्वांच्या अभ्यासात चाळ हमखास येते. मात्र चाळीकडे एक वास्तू म्हणून, म्हणजे लाकडी तुळया, कौले, जिना, सज्जा, सामाईक संडास आणि सांडपाण्याचा नळ यांनी बनलेली व दरवर्षी थोडी थोडी झिजणारी वस्तू म्हणून पाहण्याकडे इतिहासलेखनाचा कल कमी दिसतो. या झिजणाऱ्या वस्तूची डागडुजी कोणी करावयाची, तिचा खर्च कोणी सोसावयाचा आणि दोघांपैकी कोणीच न केल्यास दाद कोठे मागावयाची, हा प्रश्न मुंबईत शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. प्रस्तुत निबंधात या वादाचे स्वरूप कसे बदलत गेले आणि त्याच्या निराकरणासाठी उभारलेल्या कायदेशीर व प्रशासकीय यंत्रणांनी प्रत्यक्षात काय साधले, याचा मागोवा घेतला आहे. विवेचनाचा मुख्य भर मुंबई बेटावरील, म्हणजे माहीम व शीवपर्यंतच्या जुन्या शहरातील, खाजगी मालकीच्या इमारतींवर आहे. पुण्यातील वाड्यांचा विचार तुलनेपुरता केला आहे.

करारापासून कायद्याकडे

भाडेपट्ट्याविषयीचा मूळ कायदा म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. त्यातील कलम १०८ मध्ये मालक व भाडेकरू यांचे परस्पर हक्क व कर्तव्ये सांगितली आहेत. ताब्यात घेताना मालमत्ता ज्या स्थितीत होती त्या स्थितीत, वाजवी झीज वगळता, ती राखणे हे या कलमानुसार भाडेकरूचे कर्तव्य ठरते. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील असेल ती त्याने सूचना देऊनही केली नाही, तर भाडेकरूने ती करावी व खर्च भाड्यातून व्याजासह वळता करावा, अशीही तरतूद त्यात आहे. परंतु मालक मुळात कोणत्या दुरुस्तीस बांधील आहे, हे या कायद्याने सांगितले नाही. ते करारावर सोडले. कराराच्या दोन्ही बाजूंना सारखेच बळ आहे असे गृहीत धरणारा हा विचार होता. कोकण, देश वा उत्तरेकडून आलेला कामगार परळ-लालबागला एका खोलीत पाच-सात माणसांसह राहत असे आणि त्याचा करार बहुधा तोंडीच असे. त्याच्या बाबतीत हे गृहीतक टिकण्यासारखे नव्हते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई तीव्र झाली आणि भाडी भडकली. त्यावर उपाय म्हणून १९१८ मध्ये युद्धकालीन भाडे निर्बंध कायदा करण्यात आला आणि १ जानेवारी १९१६ रोजीचे भाडे हे प्रमाण भाडे मानण्यात आले. हा कायदा तात्पुरता होता. भाडे विशिष्ट तारखेला बांधून ठेवण्याची कल्पना मात्र येथे रुजली, आणि पुढील सर्व कायद्यांत ती टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, १९३९ व १९४४ मध्ये, पुन्हा असेच कायदे आले. स्वातंत्र्याच्या वर्षी संमत झालेला मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ हा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. हाच कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला.

दुरुस्तीच्या दृष्टीने १९४७ च्या कायद्यातील कलम २३ महत्त्वाचे आहे. विरुद्ध करार नसेल तर जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्यास प्रत्येक घरमालक बांधील राहील, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. १८८२ च्या कायद्याने जे कर्तव्य मोघम ठेवले होते, ते येथे मालकाच्या अंगावर निःसंदिग्धपणे टाकण्यात आले. मालकाने दुर्लक्ष केल्यास किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून कापून घ्यावा, हा मार्गही त्याच कलमात होता. कागदावर भाडेकरूची बाजू भक्कम झाली होती.

गोठलेले भाडे व त्याचे परिणाम

ही भक्कम बाजू प्रत्यक्षात लंगडी का पडली, हे समजण्यासाठी कलम २३ हे त्याच कायद्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदीसोबत वाचावे लागते. १ सप्टेंबर १९४० रोजी जी जागा ज्या भाड्याने दिलेली होती तेच तिचे प्रमाण भाडे ठरले. पालिकेचे कर वाढल्यास किंवा जागेत सुधारणा केल्यास काही परवानगीयोग्य वाढी घेता येत. मूळ आकडा मात्र तेथेच राहिला. सिमेंट, सागवान, गवंड्याची मजुरी यांचे दर स्वातंत्र्योत्तर काळात अनेक पटींनी वाढत गेले. म्हणजे कायद्याने मालकावर एक कर्तव्य लादले आणि त्याच कायद्याने ते पार पाडण्याचे उत्पन्न गोठवले. मालकांच्या संघटनांनी सतत मांडलेला हा मुद्दा केवळ स्वार्थाचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. त्याचबरोबर हेही नोंदवले पाहिजे की भाडी वाजवी असतानाच्या काळातही मुंबईतील अनेक चाळी गळक्या व अंधाऱ्याच होत्या. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई नगर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन करावे लागले, ते खाजगी मालकांच्या भाडेबांधणीचे फळ पाहूनच. तेव्हा भाडेनियंत्रण नसते तर चाळी उत्तम राहिल्या असत्या, हा युक्तिवादही इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही.

खर्च भाड्यातून कापून घेण्याच्या हक्काला वर्षाच्या भाड्याच्या ठराविक हिश्श्याची मर्यादा होती. पुढे १९९९ च्या कायद्यात ही मर्यादा एक-चतुर्थांश अशी आहे. उदाहरणादाखल दरमहा दहा रुपये भाड्याची खोली घेतली, तर वर्षाचे भाडे एकशे वीस रुपये आणि कापता येणारी रक्कम तीस रुपये होते. कुजलेली तुळई बदलणे दूरच, एवढ्यात छपराची कौलेही शाकारता येत नाहीत. भाडे जितके कमी, तितका हा हक्क पोकळ. भाडेनियंत्रणाने भाडेकरूला जे एका हाताने दिले त्याचा हा दुसऱ्या हाताने झालेला संकोच होता.

याशिवाय भाडे कापून घेण्यात धोका होता. कायद्याच्या कलम १२ नुसार भाडेकरू भाडे देण्यास तयार व इच्छुक आहे तोवर त्याला बाहेर काढता येत नसे. परंतु सहा महिन्यांचे भाडे थकले आणि नोटिशीनंतर महिनाभरात ते भरले नाही, तर ताब्याचा हुकूम होऊ शकत असे. दुरुस्तीच्या नावाखाली कापलेली रक्कम न्यायालयाने ग्राह्य धरली नाही, तर तीच थकबाकी ठरण्याची भीती होती. त्यामुळे जाणता भाडेकरू दुरुस्तीसाठी कधीच भाडे अडवत नसे. उलट मालकाने भाडे नाकारले तर तो ते मनीऑर्डरने पाठवी, आणि परत आलेल्या मनीऑर्डरची पावती जपून ठेवी. चाळीतल्या ट्रंकेत जन्मदाखल्यांच्या शेजारी भाडेपावत्यांची चळत असे ती यामुळेच.

मोरी, ओटा आणि पोटमाळा

दुरुस्तीच्या वादाची दुसरी बाजू अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटते. मालक दुरुस्ती करीत नाही म्हणून भाडेकरूने स्वतः केली, की तीच त्याच्यावर उलटण्याची शक्यता असे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत कायम स्वरूपाचे बांधकाम करणे हे १९४७ च्या कायद्यानुसार जागा खाली करून घेण्याचे एक कारण होते. लघुवाद न्यायालयात या कारणावर दावे लढले गेले. स्वयंपाकाचा ओटा बांधला, मोरीला शहाबादी लादी बसवली, वाढत्या कुटुंबासाठी पोटमाळा घातला, खोलीत आडभिंत घातली, तर ते कायम बांधकाम की केवळ सोयीची मांडणी, यावर युक्तिवाद होत. ते बांधकाम जागेस मोठी इजा न पोहोचवता काढता येते का, ही कसोटी हळूहळू पक्की होत गेली. आडभिंत, दार, जाळी, स्वयंपाकाचा ओटा यांसारखे आणि जागेस गंभीर हानी न होता काढता येण्याजोगे बदल हे कायम बांधकाम समजू नयेत, असे स्पष्टीकरण १९९९ च्या कायद्यात अंतर्भूत आहे.

मालकाच्या बाजूनेही येथे एक खरी तक्रार होती. जुन्या इमारती लाकडी सांगाड्यावर उभ्या होत्या आणि त्यांत पाण्याचा वापर मजल्याच्या टोकाला, सामाईक नळ व संडासापुरता, अपेक्षित होता. प्रत्येक खोलीत मोरी, पाण्याचे पिंप, पुढे न्हाणीघर आले. पाणी लाद्यांखाली मुरू लागले आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोके कुजली. तळमजल्याच्या दुकानदाराने दर्शनी भाग मोकळा करण्यासाठी भिंत छाटल्याने वरचे मजले खचण्याचे प्रकारही घडले. इमारत कोणामुळे खचली याचे उत्तर एका पक्षाच्या पदरात टाकता येईल अशी प्रकरणे थोडी.

या वादांची सुनावणी १९४७ च्या कायद्याने मुंबईत लघुवाद न्यायालयाकडे सोपवली होती. धोबीतलावच्या या न्यायालयात मालक-भाडेकरू दाव्यांना अनेकदा इतका काळ लागे की मूळ पक्षकारांच्या जागी त्यांचे वारस उभे राहत. भाडेहक्क कुटुंबातील सोबत राहणाऱ्या व्यक्तीकडे जात असल्याने दावाही वारशाने जात असे. मात्र दुरुस्तीचा प्रश्न एकाच दारात सुटत नव्हता. महापालिकेने १८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ अन्वये इमारत धोकादायक ठरवून नोटीस दिली, तर तिला आव्हान नगर दिवाणी न्यायालयात. शासकीय मंडळाच्या कृतीविरुद्ध दाद उच्च न्यायालयात. एकाच गळक्या छपरासाठी तीन न्यायालयांचे उंबरे झिजवण्याची वेळ येई, आणि तोवर पावसाळा निघून जाई.

पागडी

दुरुस्तीचा प्रश्न पागडीशिवाय समजत नाही. भाडे गोठलेले असले तरी जागेचे मोल गोठलेले नव्हते. सोडून जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घेई आणि पावती नव्या नावावर करून देण्यासाठी मालक त्यातील हिस्सा, रिवाजानुसार साधारण एक-तृतीयांश, घेई. १९४७ च्या कायद्याने मालकाने अशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरवला होता. व्यवहार मात्र राजरोस चालत. याचा परिणाम असा की पागडी मोजून आलेला भाडेकरू स्वतःस अर्धा मालक समजे. ‘एवढे पैसे मोजले, आता छप्परही मीच शाकारू काय?’ हा त्याचा प्रश्न नैतिकदृष्ट्या बिनतोड होता, पण ती रक्कम बेकायदेशीर असल्याने न्यायालयात तो तोंडातून काढता येत नसे. मालकाला मिळालेला हिस्सा इमारतीच्या दुरुस्तीत खर्च करण्याचे कोणतेही बंधन नव्हते. १९९९ च्या कायद्याने हा व्यवहार वैध केला. तरीही या रकमेचा काही भाग इमारतीच्या देखभालीसाठी राखून ठेवावा, असा विचार त्यातही दिसत नाही. ही त्या कायद्यातील एक मोठी उणीव म्हणावी लागेल.

तिसरा पक्ष: दुरुस्ती मंडळ

साठच्या दशकात पावसाळ्यात इमारती कोसळण्याच्या घटना वाढल्या. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या बेडेकर समितीच्या पार्श्वभूमीवर १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अधिनियम संमत झाला. मालक व भाडेकरू यांच्यातील वादाचा निवाडा करण्याऐवजी शासनाने दुरुस्तीचे कामच स्वतःकडे घेतले, ही या कायद्यातील नवी कल्पना. त्यासाठी जुन्या इमारतींवर उपकर बसवण्यात आला. महापालिकेने तो मालमत्ता करासोबत गोळा करावा, त्यात शासन व महापालिकेने आपला वाटा घालावा आणि त्यातून मंडळाने इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती करावी, अशी रचना होती. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या १६,५०२ इमारती ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० च्या अखेरपर्यंतच्या १,४८९ ‘ब’ वर्गात आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या १,६५१ ‘क’ वर्गात, अशा एकूण १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. ‘अ’ वर्गाची सीमारेषा भाडे गोठवण्याच्या तारखेवरच ओढली गेली, हे लक्षणीय आहे. भाडे व झीज यांचा संबंध शासनाने अशा प्रकारे अप्रत्यक्षपणे मान्य केला. पुढे १९७६ च्या महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियमाने, म्हणजे म्हाडा कायद्याने, हे मंडळ आपल्यात सामावून घेतले. हा कायदा डिसेंबर १९७७ पासून अंमलात आला.

मंडळामुळे हजारो इमारतींचे आयुष्य वाढले, हे नाकारता येणार नाही. सज्जांना लावलेले लोखंडी व लाकडी टेकू हे गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, डोंगरी भागांतले नित्याचे दृश्य झाले. मात्र दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे कमाल मर्यादा होती. खर्च मर्यादेपलीकडे जाणार असेल तर वाढीव रक्कम मालकाने किंवा भाडेकरूंनी भरावी, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरावी. ही मर्यादा वेळोवेळी वाढवण्यात आली, तरी ती बाजारभावाच्या मागेच राहिली. परिणामी दुरुस्ती अनेकदा तुकड्यातुकड्याने झाली. या पावसाळ्यात जिना, पुढच्या वर्षी मागची गॅलरी.

याहून मोठा परिणाम मालक-भाडेकरू संबंधांवर झाला. उपकर भरला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मालकाला वाटू लागले. भाडेकरूही मालकाला विसरून मंडळाच्या उपअभियंत्याकडे खेपा घालू लागला. वास्तविक नित्याची देखभाल, म्हणजे गिलावा, रंग, किरकोळ गळती, जिन्यातला दिवा, ही कायद्याने मालकाकडेच राहिली होती. भाडेवसुलीला येणारा मेहता सोडल्यास मालकाचे दर्शन दुर्मीळ झाले. वादाचे निराकरण करण्यासाठी आणलेल्या तिसऱ्या पक्षाने वाद मिटवला नाही. त्याने दोन्ही पक्षांना एकमेकांशी बोलण्याच्या गरजेतून मुक्त केले.

खोली सोडण्याची भीती

मोठी दुरुस्ती करावयाची तर जागा रिकामी करावी लागते. १९४७ च्या कायद्यात जागा रिकामी केल्याविना होणार नाही अशा दुरुस्तीसाठी मालकाला ताबा मिळू शकत होता, आणि दुरुस्तीनंतर भाडेकरूस पुन्हा त्याच जागेत प्रवेशाचा हक्क होता. ही तरतूद १९९९ च्या कायद्यातही कायम आहे. पण एकदा कुलूप हाती दिले की ते परत मिळेल यावर भाडेकरूचा विश्वास नव्हता. मंडळाने रिकाम्या केलेल्या इमारतींतील कुटुंबे संक्रमण शिबिरांत गेली आणि त्यांतील अनेकांचे तात्पुरते वास्तव्य दशकांचे झाले. हा अनुभव चाळीचाळींतून सर्वांना ठाऊक होता. म्हणून धोकादायक ठरलेल्या इमारतीतही माणसे राहत राहिली. वर्तमानपत्रे याला कधी अडाणीपणा, कधी हट्ट म्हणतात. खोली हे एकमेव भांडवल असलेल्या कुटुंबाचा तो हिशेब होता. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. अशा घटनांनंतर चौकशीत इमारत कोणाच्या अखत्यारीत होती यावरच अधिक चर्चा होते.

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. उपकरप्राप्त इमारतीतील ७० टक्के भोगवटादारांनी सहकारी संस्था स्थापून मागणी केल्यास शासनाने ती मालमत्ता संपादित करून संस्थेस द्यावी आणि मालकास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यावी, असे त्यात म्हटले होते. दुरुस्तीचा वाद मालकीच बदलून सोडवण्याचा हा प्रयत्न होता. मालकांनी त्यास आव्हान दिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात सुमारे तीन दशके चालले आणि नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी या पीठाने बहुमताने असा निर्णय दिला की, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ब) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ या शब्दांत प्रत्येक खाजगी मालमत्ता सरसकट येत नाही. गिरगाव-परळच्या गळक्या छपरांपासून निघालेला प्रश्न राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या अर्थापर्यंत पोहोचला, ही घटना भारतीय न्यायालयीन इतिहासात विलक्षण म्हणावी लागेल.

१९९७ चा निर्णय व नवा कायदा

दरम्यान भाडे गोठवण्याच्या तत्त्वालाच तडा गेला होता. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीवर बांधून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी ठरल्याचे मत नोंदवले. कायद्याची मुदत लवकरच संपणार असल्याने तो रद्द करण्याचे न्यायालयाने टाळले आणि नवा समतोल कायदा करण्याची अपेक्षा व्यक्त केली. त्यातून आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाड्यात एकदा पाच टक्के आणि त्यानंतर दरसाल चार टक्के वाढ घेण्याची मुभा मालकास मिळाली. वरील दहा रुपयांच्या खोलीचे भाडे यामुळे साडेदहा रुपये झाले आणि पहिली वार्षिक वाढ बेचाळीस पैशांची! न्यायालयाने दाखवलेल्या दोषाचे हे परिमार्जन मालकांच्या दृष्टीने थट्टेचेच होते. एक कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या, बँका आदी भाडेकरूंना मात्र संरक्षणातून वगळण्यात आले. व्यापारी जागांचे उत्पन्न त्यामुळे वाढले. निवासी चाळींना त्याचा लाभ नव्हता.

दुरुस्तीचे कर्तव्य या कायद्याच्या कलम १४ मध्ये मालकाकडेच राहिले. भाडेकरूंनी एकत्रितपणे नोटीस देऊन एकत्रितपणे दुरुस्ती करण्याची आणि खर्च साध्या पंधरा टक्के व्याजासह वसूल करण्याची तरतूद त्यात आहे. छप्पर, जिना, सांडपाण्याचा नळ या वस्तू एका खोलीच्या नसतात, त्यामुळे ही सामूहिकता योग्यच. वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाची मर्यादा तेथेही आडवी आली.

दोन अभियंत्यांचे दोन अहवाल

नवीन शतकात वादाचे केंद्र बदलले. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३ (७) या नियमाने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासास वाढीव चटई क्षेत्र मिळू लागले. सुखटणकर समितीच्या शिफारशींनंतर १९९९ मध्ये या सवलतींचा विस्तार झाला. जमिनीचे मोल पाहता जुनी इमारत पडणे हे आता मालकाच्या फायद्याचे झाले. पूर्वी मालक म्हणे, दुरुस्तीला पैसे नाहीत. आता तो म्हणू लागला, इमारत दुरुस्तीपलीकडची आहे. भाडेकरूंचे म्हणणे नेमके उलट. मालकाच्या अभियंत्याचा अहवाल इमारत पाडा म्हणे, भाडेकरूंच्या अभियंत्याचा अहवाल ती दुरुस्त होईल असे सांगे.

या पेचावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. इमारतींचे चार वर्ग करण्यात आले. तत्काळ रिकाम्या करून पाडावयाच्या त्या सी-१, रिकाम्या करून मोठी दुरुस्ती करावयाच्या त्या सी-२-अ, न रिकाम्या करता संरचनात्मक दुरुस्ती करावयाच्या त्या सी-२-ब आणि किरकोळ दुरुस्तीच्या सी-३. दोन अहवाल परस्परविरोधी असल्यास महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीने ते तपासावेत, असे ठरले. घरमालक-भाडेकरू वादाच्या इतिहासात हा बदल मूलगामी आहे. कायद्याच्या कलमांवरून चालणारा वाद काँक्रीटच्या नमुन्यांवर व लोखंडाच्या गंजावर आला आणि वकिलाच्या शेजारी अभियंता उभा राहिला.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शहा रतनशी खिमजी या प्रकरणात दिलेला निर्णय भाडेकरूंच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा ठरला. सांगली-मिरज भागातील एक इमारत महापालिकेने पाडली होती. इमारत नाहीशी झाली तर भाडेहक्कही संपतो काय, हा प्रश्न होता. भाडेहक्क जमिनीसहित असतो, वास्तू पडल्याने तो आपोआप संपत नाही, असे त्रिसदस्य पीठाने सांगितले आणि आधीचा विरुद्ध निर्णय रद्दबातल ठरवला. मालकाने दुर्लक्ष करून इमारत पडू द्यावी आणि पडल्यावर भाडेकरूचा हक्क गेला म्हणावे, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. २०२० मध्ये विधिमंडळाने म्हाडा कायद्यात घातलेल्या व २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कलम ७९-अ ने आणखी एक पाऊल टाकले. धोकादायक ठरलेल्या उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव मालकाने सहा महिन्यांत द्यावा, न दिल्यास पुढील सहा महिन्यांत भाडेकरूंच्या संस्थेने द्यावा, आणि तोही न आल्यास मंडळाने काम हाती घ्यावे, असा क्रम त्यात आहे.

उपकराबाहेरचे जग

मुंबई बेटाबाहेर ही यंत्रणा नाही. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत दुरुस्ती मंडळ नाही, उपकर नाही. तेथे मालक अनेकदा त्याच वाड्यात, पुढच्या वा मागच्या चौकात राहतो. त्यामुळे वाद अधिक जवळचा व अधिक कडू होतो. त्यातच मालकांच्या भावकीत वाटण्या न झालेल्या असतात, आणि दुरुस्तीची नोटीस कोणाच्या नावे काढावी हेच ठरत नाही. महापालिका १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये धोकादायक बांधकामाची नोटीस देते. पावसाळ्याच्या तोंडावर ती वाड्याच्या दिंडी दरवाजावर चिकटवली जाते.

केंद्र शासनाने २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरार अधिनियमाचा मसुदा दिला. त्याच्या परिशिष्टात दुरुस्तीची वाटणी तपशीलवार केली आहे. संरचनात्मक दुरुस्ती, भिंतींची सफेदी, पाण्याचे नळ व वीजवाहिन्या मालकाकडे, तर नळाचे वायसर, तुंबलेली मोरी, बटणे, कुलपे, काचा भाडेकरूकडे. मालकाने काम न केल्यास भाडेकरूस खर्च कापता येतो, पण कोणत्याही एका महिन्यात ठरलेल्या भाड्याच्या निम्म्याहून अधिक नाही. वाद भाडे प्राधिकरणाकडे जावयाचा. बाजारभावाने भाडे देणाऱ्या नव्या भाडेकरूस ही यादी उपयोगी पडेल. शंभर रुपयांच्या आत भाडे असलेल्या खोलीत निम्मे भाडे म्हणजे पन्नास रुपये, आणि तेथे हिशेब पुन्हा १९४७ पाशी येऊन थांबतो.

जुन्या भाडेकरूच्या दृष्टीने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील एक साधी सूचना अधिक मोलाची ठरली. इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील जागेचे मोजमाप महापालिकेने करून त्याची नोंद ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. खोली किती फुटांची होती, तीत पोटमाळा होता की नाही, सज्जाचा वापर कोण करी, हे वास्तू गेल्यानंतर सिद्ध करता येत नाही. भाडेपावतीवर खोलीचा क्रमांक असतो, लांबी-रुंदी नसते. म्हणून सी-१ ठरलेल्या इमारतीतील रहिवासी सामान बांधण्याआधी महापालिकेच्या मोजणीची वाट पाहतात, आणि मोजणीच्या कागदाची प्रत हाती आल्यावरच जिना उतरतात.